अंतर्गत बदलीसाठी निवड झाली, पण साहेब दुखावले आहेत. पुढे कसे वागावे?

वीस_अंश

नमस्कार. मी चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करते. गुणवत्ता विभागात मला साडेसहा वर्षे झाली आणि त्यांपैकी गेली चार वर्षे सीएमएमची, म्हणजे भागांची मापे अचूक घेणाऱ्या यंत्राची, खोली माझ्याकडे आहे. स्टिअरिंग नकलच्या, म्हणजे चाक आणि स्टिअरिंग यांना जोडणाऱ्या भागाच्या, बोअरचे (छिद्रांचे) व्यास, त्या बोअरची एकमेकांशी असलेली स्थिती, बेअरिंग बसते त्या पृष्ठभागाची समतलता हे सगळे तिथे मोजले जाते आणि नवा भाग आला की त्याच्या मोजणीचा प्रोग्रॅम मी लिहिते. काम मला मनापासून आवडते. मात्र दुसऱ्यांनी ठरवून दिलेल्या ड्रॉइंगमध्ये भाग बसतो की नाही एवढेच मी इतकी वर्षे सांगत आले. तो टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तेवढाच का धरला, डेटम, म्हणजे मोजणीचा संदर्भ, तिथेच का घेतला, ही चर्चा जिथे होते तिथे आपण असावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

डिसेंबरमध्ये एनपीडीत, म्हणजे नव्या उत्पादनांच्या विभागात, गुणवत्ता अभियंत्याची जागा अंतर्गत भरतीसाठी निघाली. मी अर्ज केला, जानेवारीत मुलाखत झाली आणि ५ फेब्रुवारीला निवड झाल्याचे कळले. कंपनीच्या धोरणानुसार मुलाखतीला जाण्यापूर्वी आपल्या साहेबांना सांगायचे असते. ते मी सांगितले नाही. पहिल्यांदा सांगायला गेले तेव्हा एका ग्राहकाची तक्रार आली होती आणि सर गोदामात उभे राहून माल निवडून घेत होते. दुसऱ्यांदा त्यांच्या आई रुग्णालयात होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात वेळ होता, पण मला धीर झाला नाही. निवडीचा ईमेल एचआरने मला पाठवला, त्याची प्रत सरांना गेली आणि त्यांना त्यातून कळले.

त्या दिवशी सकाळची बैठक संपल्यावर ते मोजणीच्या खोलीत आले. मी रिंग गेज पुसून पेटीत ठेवत होते. त्यांनी पेटीचे झाकण स्वतः लावले, ती कपाटात ठेवली आणि “मला हे एचआरकडून कळावं?” एवढेच विचारून निघून गेले. मला काहीही बोलता आले नाही.

तेव्हापासून सकाळच्या बैठकीला माझ्याऐवजी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला बोलावले जाते. एकदा सगळ्यांसमोर “ज्यांना इथे राहायचं नाही त्यांना कशाला विचारायचं” असे ते म्हणाले. एनपीडीला मी १ एप्रिलपासून हवी आहे. धोरणात निवडीपासून ६० दिवसांत सोडावे असे लिहिले आहे, म्हणजे ६ एप्रिल. प्लांट प्रमुखांच्या मंजुरीने आणखी ३० दिवस वाढवता येतात, म्हणजे ६ मे. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचे ऑडिट मात्र ११ मेपासून तीन दिवस आहे. “ऑडिट होईपर्यंत कोणी हलायचं नाही, पुढचं जूनमध्ये बघू,” असे सर म्हणतात आणि हे सगळे तोंडी आहे. वर्षाचे मूल्यांकनही त्यांच्याच हातात आहे. परवा ते “रेटिंगच्या वेळी टीमबद्दलची निष्ठाही बघावी लागते” असे बोलले, ते माझ्यासाठीच होते हे मला कळले.

एक गोष्ट सांगितली नाही तर हा प्रश्न अर्धवट राहील. प्रोब (भागाला टेकून माप घेणारे टोक) कसा कॅलिब्रेट करायचा इथपासून सगळे मला सरांनी शिकवले आहे. मी २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवर गेले तेव्हा ही खोली दुसऱ्याकडे द्यावी असे वरून सुचवले गेले होते. त्यांनी ते मानले नाही आणि त्या काळात स्वतः शनिवारी येऊन प्रोग्रॅम लिहिले. त्यामुळे मला त्यांच्याशी भांडून जायचे नाही, पण ही संधीही सोडायची नाही. एचआरकडे लेखी तक्रार करावी का? सरळ प्लांट प्रमुखांना भेटावे का? की राजीनामा देऊन बाहेर दुसरी नोकरी बघावी, हेही मनात येऊन जाते.

सातपूरचा_गुणवत्तावाला

तुमच्या सरांच्या खुर्चीवर मी गेली अकरा वर्षे बसलो आहे, म्हणून आधी त्या बाजूने दिसते ते लिहितो. ते वाचून त्यांची वागणूक तुम्हाला योग्य वाटावी असा हेतू नाही. भर बैठकीत बोललेले ते वाक्य चुकीचेच होते.

तुमच्या लिहिण्यावरून मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, त्यांना ही बातमी तुमच्याकडून मिळाली नाही. दुसरी, ११ मेला ग्राहकाचा ऑडिटर खोलीत येऊन “हा प्रोग्रॅम कोणी लिहिला, त्यांना बोलवा” म्हणाला, तर बोलवायला कोणी नसेल. पहिलीचा त्रास मनाला आहे, दुसरीचा नोकरीला. साहेब माणूस पहिली गोष्ट तोंडाने कधी बोलून दाखवत नाही, तो ती दुसरीच्या आडून बोलतो. “ऑडिट होईपर्यंत हलायचं नाही” या वाक्यात दोन्ही आहेत. तुम्ही फक्त तारखांवर वाद घालाल तर तो कधीच मिटणार नाही, कारण तारीख सुटली तरी दुखणे तसेच राहील.

म्हणून त्यांना एकट्याने भेटा. अर्धा तास आधी मागून घ्या, शक्यतो दुपारची पाळी लागल्यानंतर, जेव्हा त्यांचा फोन थोडा शांत असतो. बसल्यावर पहिल्या दोन वाक्यांत माफी मागा, पण नेमक्या एकाच गोष्टीची: “तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं, ते मी केलं नाही, ती माझी चूक झाली.” एवढ्यावर थांबा. आई रुग्णालयात होत्या, तक्रार आली होती, ही कारणे खरी असली तरी त्या वेळी सांगू नका, कारण कारणे सांगू लागलो की माफीचे स्पष्टीकरण होते. आणि जायचे ठरवल्याबद्दल माफी मुळीच मागू नका. ती मागितलीत तर जाणे हाच अपराध होता असे तुम्हीच कबूल केल्यासारखे होईल आणि पुढची सगळी बोलणी त्यावर होतील.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या विभागात स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणते काम किती येते ते दाखवणारा, फलक असणारच, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक असलेल्या बहुतेक कारखान्यांत तो भिंतीवर असतो. त्यावर सीएमएम प्रोग्रॅमिंगच्या ओळीत पूर्ण काळे भरलेले वर्तुळ तुमचे एकटीचे असेल आणि बाकी दोघांचे पाव किंवा अर्धे. ऑडिटर तुमचा प्रोग्रॅम बघण्याआधी तो फलक बघतो, हे तुमच्या सरांना पक्के माहीत आहे. “माझ्या जागी कोणाला तरी तयार करते” असे मोघम बोलून त्यांची भीती जाणार नाही. एका कागदावर मांडा: चालू भागांचे किती प्रोग्रॅम आहेत, त्यांपैकी कोणते सहकारी आज नुसते चालवू शकतो, कोणत्यात दुरुस्ती करू शकतो, कोणते नव्याने लिहू शकतो. प्रत्येकापुढे नाव आणि तारीख घाला. मोजणी पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या माणसांकडून सारखीच येते का याचा अभ्यास, म्हणजे गेज आर अँड आर, कोणत्या भागांचा जुना झाला आहे तेही लिहा आणि तो त्या सहकाऱ्याच्या हातून करून घ्या. त्यात त्याचे शिक्षणही होते आणि ऑडिटला दाखवायला ताजी नोंदही मिळते. मी प्रशिक्षण दिलेल्या मुलांचा अनुभव असा की तयार प्रोग्रॅम नीट चालवायला तीन आठवडे पुरतात, पण डेटमचा विचार करून नवा प्रोग्रॅम स्वतः लिहायला तीन महिनेही कमी पडतात. त्यामुळे “एप्रिलपर्यंत तो माझ्याइतका तयार होईल” असे वचन देऊ नका. सरांना ते खोटे आहे हे लगेच कळेल आणि बाकीच्या कागदावरचाही विश्वास उडेल. नवे भाग त्या काळात किती येणार आहेत ते बघा. नवे भाग येतात ते एनपीडीकडूनच, आणि तिथे तर तुम्हीच असणार आहात. हा मुद्दा तुमच्या फार उपयोगाचा आहे.

माझ्याकडची एक अभियंता अशीच दुसऱ्या विभागात गेली तेव्हा मी तिला दोन महिने अडवून धरले होते. ऑडिटचे कारण दिले होते, पण खरे कारण मला वाईट वाटले हे होते. ती गेली ती आजतागायत माझ्याशी कामापुरतेच बोलते. त्या दोन महिन्यांत तिच्याकडून जे शिकून घ्यायचे तेही मी कोणाला शिकू दिले नाही, कारण “ती जाणारच नाही” असे मी धरून चाललो होतो. ऑडिटमध्ये नेमके तेच अंगाशी आले.

माजी_कार्मिक_अधिकारी

ताई, मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कारखान्यातून कार्मिक विभागात अठ्ठावीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. माझ्याकडून कागदांविषयी लिहितो, कारण मन जुळले तरी कागद राहून गेल्यामुळे झालेले नुकसान मी अनेकदा पाहिले आहे.

सर्वांत आधी एक तपासा. नवी जागा त्याच कंपनीत आहे की त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीत? चाकणला एकाच फाटकाच्या आत दोन-तीन वेगळ्या कंपन्या नोंदलेल्या असतात आणि कामगारांना सगळे एकच वाटते. तुमच्या पगारपत्रकावर कंपनीचे जे पूर्ण नाव आहे आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर आस्थापनेचा जो क्रमांक आहे, तो एनपीडीतल्या एखाद्या सहकाऱ्याच्या पगारपत्रकाशी पडताळून पाहा. दोन्ही एकच असतील तर ही नुसती बदली आहे, तुमची साडेसहा वर्षांची सेवा अखंड राहते आणि काळजी नाही. वेगळे असतील तर कागदोपत्री तो एका कंपनीचा राजीनामा आणि दुसऱ्या कंपनीची नेमणूक होऊ शकते. अशा वेळी मागील सेवा धरली जाईल हे नेमणूकपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे लागते, किंवा पहिल्या कंपनीकडून ग्रॅच्युइटीचा हिशेब पूर्ण करून घ्यावा लागतो. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सलग सेवेची अट असते. तुमची ती पूर्ण झालेली आहे, परंतु नव्या कंपनीत मोजणी शून्यापासून सुरू झाली तर पुढची पाच वर्षे तुम्ही पुन्हा त्या अटीत अडकाल. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि तोही कायद्याने धरलेल्या शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून काढलेला, असा तो हिशेब असल्यामुळे, निवृत्तीच्या वेळच्या मोठ्या पगारावर ही साडेसहा वर्षे धरली जाणे आणि आजच्या पगारावर हिशेब होऊन ती मिटणे यांत बराच फरक पडतो.

हे एकदा कळले की राजीनाम्याचा विचार रागाच्या भरात का करू नये तेही कळेल. राजीनामा देऊन बाहेर जाण्यात काही गैर नाही, पण तो निर्णय बाहेरची नोकरी चांगली आहे म्हणून घ्यावा. सर बैठकीला बोलवत नाहीत म्हणून घेऊ नये.

दुसरे, बदली हा आपला हक्क आहे असे समजून बोलू नका. कोणाला कोठे काम द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा असतो आणि अंतर्गत भरतीचे धोरण हे कंपनीने स्वतःवर घालून घेतलेले बंधन असते. त्यामुळे “मला सोडलेच पाहिजे” यापेक्षा “धोरणात ६० दिवस आहेत आणि वाढवायचे तर प्लांट प्रमुखांची मंजुरी लागते, ती घेतली जाणार आहे का, म्हणजे मी एनपीडीला तारीख कळवते” हे वाक्य अधिक काम करते. ते ईमेलने लिहा. त्यात तक्रारीचा एकही शब्द नको, फक्त तारखा. सरांना पाठवा आणि तुमच्या एचआरच्या प्रतिनिधीला प्रत ठेवा. मात्र हे सरांशी समोरासमोर बोलणे झाल्यानंतर, त्याच संध्याकाळी, “आज आपले बोलणे झाले त्याप्रमाणे” असे लिहून. आधी ईमेल आणि मग भेट असे केलेत तर “पुन्हा एचआरकडूनच कळवलं” ही भावना दुसऱ्यांदा होईल.

तिसरे मूल्यांकन. मार्चअखेरचे वर्ष तुम्ही पूर्ण त्यांच्या हाताखाली केले आहे, तेव्हा १ एप्रिलला गेलात काय आणि मेमध्ये गेलात काय, या वर्षाचे रेटिंग तेच देणार. हे कटू वाटेल, पण त्यामुळे एक गोष्ट सोपी होते: रेटिंग वाचवण्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात आहे ते स्वमूल्यांकन, आणि ते निष्ठेसारख्या शब्दांनी भरू नका. वर्षभरात किती भागांचे पीपीएपी, म्हणजे उत्पादनाआधी ग्राहकाकडून घ्यायची मंजुरी, मोजणीअभावी अडले नाहीत, ग्राहकाच्या किती तक्रारींत तुमच्या अहवालाने कारण सापडले, किती गेज कॅलिब्रेशनच्या तारखेत राहिले, हे आकड्यांत लिहा आणि शक्य तिथे अहवालाचा क्रमांक द्या. आकड्यांसमोर कमी रेटिंग द्यायचे झाले तर देणाऱ्यालाही कारण लिहावे लागते. रेटिंग अंतिम होण्याआधी बहुतेक कंपन्यांत विभागप्रमुखांची एकत्र बैठक होते आणि तिथे हाच कागद तुमच्या वतीने बोलतो.

तक्रारीचे म्हणाल तर ती आज करू नये असे माझे मत आहे. पण बैठकीतले वाक्य, रेटिंगबद्दलचे वाक्य, दोन्ही तारीख, वेळ आणि उपस्थित कोण होते यांसह घरच्या वहीत लिहून ठेवा. ते पुन्हा घडले, किंवा रेटिंगमध्ये खरोखर उतरले, तर त्या नोंदी लागतील.

तिसरी_पाळी

वरची दोन्ही उत्तरे अनुभवाची आहेत, पण एका गोष्टीवर मला वेगळे म्हणायचे आहे. मीही कारखान्यातच आहे आणि बाई म्हणून या जागी उभी राहिले आहे. सर्वांसमोर जे बोलले गेले त्याची नोंद वहीत करून गप्प बसावे हे मला पटत नाही. त्या खोलीत बाकीचे सहकारी होते. तुम्ही ज्याला शिकवणार आहात तो कनिष्ठ मुलगाही होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर पुढचे दोन महिने तो तुमच्याकडून शिकायला कचरेल, कारण तुमच्याजवळ बसणे म्हणजे सरांच्या नजरेत येणे, असे त्याला वाटेल. हा नुसता मानाचा प्रश्न नाही, त्याचा हँडओव्हरवर परिणाम होतो.

म्हणून माफी मागाल त्याच भेटीत शेवटी, शांतपणे, हेही सांगा: “सर, माझ्यावर रागवा, पण एकट्याने बोलावून रागवा. सगळ्यांसमोर ते बोललात त्यानंतर मला खोलीत काम करणं अवघड झालंय.” त्यांनी तुमच्या रजेच्या वेळी जे केले ते वाचून मला वाटते की हा माणूस हे ऐकून घेईल. ज्याने कधी काही केलेच नाही अशा साहेबाला मी हे सांगायला सुचवले नसते.

आणखी एक. प्रसूती रजेच्या वेळचे उपकार मनात ठेवा, पण ते फेडण्यासाठी स्वतःची संधी सोडू नका. रजा तुमची कायद्याने होती. जागा राखणे हा त्यांचा चांगुलपणा होता आणि चांगुलपणाची परतफेड चांगल्या हँडओव्हरने होते.

हिंजवडी_फेज_तीन

माझा अनुभव थोडक्यात, कारण क्षेत्र वेगळे आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अंतर्गत भरतीत माझी निवड झाली होती आणि साहेबांनी “एवढा एक रिलीज होऊ दे” म्हणून तोंडी थांबवले. मी मान राखून थांबलो. नंतर दुसरा रिलीज आला. पाचव्या महिन्यात पलीकडच्या विभागाने बाहेरून माणूस घेतला आणि माझी निवड आपोआप रद्द झाली. कोणी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. पलीकडच्यांना तर मी थांबलो आहे हेच माहीत नव्हते, त्यांना वाटले की माझे मन बदलले.

तेव्हा सरांशी काहीही ठरो, एनपीडीच्या प्रमुखांना दर आठवड्याला दोन ओळी कळवत राहा. त्यात सध्याच्या सरांबद्दल एकही वाक्य नको. “मी येणार आहे, तारीख अमुक दिवशी नक्की होईल,” एवढे पुरे. आणि “जूनमध्ये बघू” याला होकार देऊ नका, कारण त्यात तारीखच नाही.

वीस_अंश

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काहीतरी घडल्यावरच लिहायचे ठरवले होते.

आधी पगारपत्रक तपासले. कंपनी एकच आहे, आस्थापनेचा क्रमांकही एकच आहे. तो विचारच माझ्या मनात आला नव्हता, त्यामुळे काकांचे विशेष आभार.

नंतर दोन संध्याकाळी बसून कागद तयार केला. चालू असलेले ४३ प्रोग्रॅम निघाले. त्यांपैकी ३१ माझा सहकारी आजही चालवतो, हे मला स्वतःलाही एवढे स्पष्ट माहीत नव्हते. नऊ भागांचा गेज आर अँड आर जुना झाला होता. ऑडिटच्या दृष्टीने खरी जोखीम अवघ्या चार प्रोग्रॅममध्ये होती आणि चारही एकाच ग्राहकाच्या नकलचे होते.

गुरुवारी पावणेचारला सरांकडे गेले. सांगितले होते तसे पहिले वाक्य माफीचे बोलले आणि थांबले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू अर्ज केलास याचं मला वाईट वाटलं नाही. मुलाखतीत काय विचारतील ते मी सांगितलं असतं.” हे ऐकल्यावर मला रडू आले. त्यासाठी मी तयार नव्हते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि कागद वाचायला घेतला.

कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला. चार अवघड प्रोग्रॅमपुढे मी ज्याचे नाव लिहिले होते ते त्यांनी पेन्सिलने खोडले आणि दुसऱ्या पाळीतल्या मुलीचे नाव लिहिले. ड्रॉइंग वाचण्यात ती पुढे आहे असे त्यांचे म्हणणे, आणि आता तिला शिकवताना ते बरोबर होते असे दिसते. नव्या भागांचे प्रोग्रॅम एनपीडीतून मीच लिहून देईन, या मुद्द्यावर ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. तारखेवर मात्र ओढाताण झाली. मी ६ एप्रिल म्हटले, त्यांनी ऑडिटनंतर म्हटले. शेवटी १६ एप्रिलला बदली, त्यानंतर ऑडिट संपेपर्यंत मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मी मोजणीच्या खोलीत आणि ऑडिटचे तिन्ही दिवस पूर्णवेळ त्यांच्याबरोबर, असे ठरले. १३ मे ही शेवटची तारीख त्यांनीच सुचवली. त्याच संध्याकाळी ईमेल केला, प्लांट प्रमुखांची दहा दिवसांच्या वाढीची मंजुरी सोमवारी आली आणि एनपीडीच्या प्रमुखांनीही होकार दिला.

बैठकीतल्या वाक्याबद्दलही बोलले, सर्वांत शेवटी, उठता उठता. त्यावर सर “हं” म्हणाले, आणखी काही नाही. मी अजून सकाळच्या बैठकीला बसत नाही, तिथे आता ती दुसऱ्या पाळीतली मुलगी असते, आणि हे बरोबरच आहे असे मला वाटू लागले आहे, कारण मे महिन्यात तिलाच बसायचे आहे. रेटिंगचे एप्रिलअखेर कळेल. स्वमूल्यांकनात सगळे आकडे अहवाल क्रमांकांसह लिहिले आहेत.

काल सकाळी खोलीत २० अंशांवर तापमान स्थिर होण्याची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. सर आले, तिला पहिल्या नकलचा डेटम कुठे घेणार ते विचारले आणि तिचे उत्तर चुकल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “तू सांग, आणि सावकाश सांग.”

सातपूरचा_गुणवत्तावाला

छान झाले. एकच सुचवतो: स्किल मॅट्रिक्सवर तिचे वर्तुळ भरायची घाई करू नका. ऑडिटर फलकावरचे काळे वर्तुळ बघून त्याच माणसाला यंत्रापुढे उभे करून प्रोग्रॅममध्ये बदल करायला सांगतात. अर्धे भरलेले वर्तुळ आणि शेजारी पूर्ण करण्याची तारीख असेल, तर त्यात काही खोट धरली जात नाही.

वीस_अंश

हो, ते आजच सरांशी बोलून अर्धे ठेवले. तारीख ३० जून लिहिली आहे आणि प्रशिक्षक म्हणून माझेच नाव आहे.